ऐकायला माणूस हवा : हाइनरिश श्लीमान परक्या भाषा कसा शिकला



मराठी माध्यमाच्या शाळेत पालकसभा झाली की इंग्रजीचा विषय निघतोच. आणि तो निघाला की बहुतेक आई-बाबांचं म्हणणं एकच असतं. आम्हालाच इंग्रजी येत नाही, तर घरी मुलांचं काय घेणार? मग ऐपत असेल तर ट्यूशन लावली जाते, नसेल तर सगळं शाळेवर सोडलं जातं. शाळेत इंग्रजीचा तास असतो जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि वर्गात तीस-पस्तीस मुलं. प्रत्येक मुलाच्या वाट्याला बोलायला किती वेळ येतो, हे आपण शिक्षक चांगलंच जाणतो.

आज आपण अशा एका माणसाचे चरित्र पाहणार आहोत जो वयाच्या चौदाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला, किराणा दुकानात राबला, आणि पुढे डझनभराहून जास्त भाषा शिकला. हा माणूस म्हणजे हाइनरिश श्लीमान. ट्रॉय शहराचे उत्खनन करणारा म्हणून जग त्याला ओळखते. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. पण भाषा शिकवणाऱ्यांसाठी आणि पालकांसाठी त्याच्या आयुष्यातला उत्खननाच्या आधीचा भाग जास्त कामाचा आहे. चला तर मग, सुरुवातीपासून पाहूया.

बालपण आणि सुटलेली शाळा

हाइनरिशचा जन्म ६ जानेवारी १८२२ रोजी जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग भागात नॉइबुको या छोट्या गावी झाला. वडील प्रोटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. पुढच्याच वर्षी वडिलांची बदली आंकर्सहागेन या खेड्यात झाली आणि हाइनरिशचे बालपण तिथेच गेले. वडील मुलाला जुन्या ग्रीक काव्यातल्या गोष्टी सांगत. ट्रॉयचे युद्ध, लाकडी घोडा, जळणारे शहर. आपल्याकडे आजी-आजोबा रामायण-महाभारत सांगतात तसंच हे. सात वर्षांचा असताना नाताळात मिळालेल्या पुस्तकात जळत्या ट्रॉयचे चित्र पाहिले आणि हे शहर मी शोधून काढणार असे तेव्हाच ठरवले, असे श्लीमानने मोठेपणी लिहून ठेवले आहे. ही आठवण नंतर रचलेली असावी असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. पण गोष्टींचे वेड लहानपणापासून होते, एवढे धरून चालायला हरकत नाही.

१८३१ मध्ये आई वारली. तेव्हा हाइनरिश नऊ वर्षांचा होता. घराची घडी विस्कटली. वडिलांच्या वागण्यावरून गावात बोलबाला झाला, उत्पन्न थांबले. हाइनरिश चांगल्या शाळेत दाखल झाला होता, जिथे लॅटिन-ग्रीक शिकून विद्यापीठाची वाट मोकळी व्हायची. पण फी परवडेना, म्हणून त्याला व्यवहारोपयोगी शिक्षणाच्या साध्या शाळेत घातले गेले. १८३६ मध्ये तेही संपले. चौदा वर्षांचा मुलगा फ्युर्स्टेनबेर्ग गावातल्या किराणा दुकानात उमेदवारीला लागला.

तिथे त्याने साडेपाच वर्षे काढली. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत काम. खारवलेले मासे, लोणी, दूध, मीठ, बटाट्याची दारू विकायची, दुकान झाडायचे, पिंपे हलवायची. पुस्तक हातात धरायला सवड नव्हती.

याच दुकानातला एक प्रसंग त्याने पुढे आवर्जून लिहिला. पिठाच्या गिरणीत काम करणारा एक माणूस एका संध्याकाळी पिऊन दुकानात आला. कधी काळी तो शिकलेला होता आणि होमरच्या काव्याच्या ओळी त्याला मुखोद्गत होत्या. त्याने त्या मूळ ग्रीकमध्ये म्हणून दाखवल्या. हाइनरिशला त्यातला एक शब्दही कळला नाही, पण त्या भाषेच्या नादाने तो इतका भारावला की खिशातल्या तुटपुंज्या पैशांतून दारू पाजून त्या ओळी त्याने पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या.

यातलं एक ध्यानात ठेवूया. भाषा त्याच्यापर्यंत पहिल्यांदा पोचली ती कानावाटे. पुस्तक आणि व्याकरण फार नंतर आलं.

जहाज बुडाले, आम्सटरडॅम गाठले

१८४१ मध्ये जड पिंप उचलताना त्याच्या छातीला इजा झाली आणि दुकानातले काम करणे अशक्य झाले. तो हांबुर्गला गेला. तिथेही काम टिकेना. शेवटी दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलाला निघालेल्या जहाजावर तो पोऱ्या म्हणून चढला. डिसेंबरच्या थंडीत हॉलंडच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडून बुडाले. जीव वाचला, जवळचे होते नव्हते ते गेले. असा हा एकोणीस वर्षांचा मुलगा परक्या देशात, आम्सटरडॅम शहरात येऊन पडला.

ओळखीतून त्याला एका व्यापारी पेढीत नोकरी मिळाली. काम अगदी साधे. हुंड्यांवर शिक्के मारायचे, गावात जाऊन त्या वटवून आणायच्या, टपाल पोचवायचे आणि आणायचे. पगार वर्षाला ८०० फ्रँक. यातला अर्धा पगार तो शिक्षणावर खर्च करत असे. राहायला माळ्यावरची एक खोली, थंडीत शेगडी नाही, उन्हाळ्यात भट्टी. सकाळी राईच्या पिठाची लापशी, दुपारचे जेवण अगदी मोजक्या पैशांत.

सगळ्यात आधी त्याने अक्षर सुधारले. सुलेखन शिकवणाऱ्या एका गुरूकडे वीस धडे घेतले. कारण कचेरीत वर चढायचे तर अक्षर चांगले हवे. मग तो भाषांकडे वळला. पहिली भाषा इंग्रजी.

इंग्रजीसाठी त्याने काय केले

त्याच्या पद्धतीचे तपशील त्यानेच १८८० च्या सुमारास आपल्या ट्रॉयवरच्या मोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीला लिहून ठेवले आहेत. माझ्या शब्दांत ते असे.

पहिली गोष्ट, मोठ्याने वाचायचे. पुष्कळ वाचायचे आणि मोठ्याने वाचायचे. मनातल्या मनात नाही.

दुसरी, वाचताना भाषांतर करत बसायचे नाही.

तिसरी, रोज एक तास त्या भाषेला द्यायचा. आज तीन तास आणि मग चार दिवस सुट्टी, असे नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्या विषयात आपल्याला गोडी आहे त्यावर रोज काहीतरी लिहायचे. लिहिलेले शिक्षकाकडून तपासून घ्यायचे. तपासलेले पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकासमोर म्हणून दाखवायचे.

आणि पाचवी, उच्चारांसाठी जिवंत माणसे ऐकायची. दर रविवारी तो दोन वेळा इंग्रजी चर्चमध्ये जायचा. प्रवचन चालू असताना प्रत्येक शब्द हळू आवाजात स्वतःशी म्हणायचा. वर्गाबाहेरचा हा त्याचा वर्ग. फी काही नाही.

शिवाय फुकट जाणारा वेळ तो फुकट जाऊ देत नसे. निरोप घेऊन निघाला की हातात पुस्तक, अगदी पावसातसुद्धा. टपाल कचेरीत रांगेत उभा राहिला की वाचन सुरू. सुरुवातीला त्याची स्मरणशक्ती फारशी चांगली नव्हती, असे तो स्वतःच सांगतो. लहानपणापासून तिला सरावच नव्हता. पण रोज थोडे थोडे पाठ करत गेल्यावर ती वाढली. गोल्डस्मिथची द व्हिकार ऑफ वेकफिल्ड आणि स्कॉटची आयव्हॅन्हो या दोन कादंबऱ्या त्याने मुखोद्गत केल्या. सहा महिन्यांत इंग्रजी येऊ लागले. पुढच्या सहा महिन्यांत त्याच रीतीने फ्रेंच. मग डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या भाषांना प्रत्येकी सहा आठवडे पुरले, असा त्याचा हिशेब आहे.

इथे जरा थांबूया, कारण पाठांतर म्हटलं की आपले कान टवकारतात. आपल्याकडे मुलं गाइडमधले निबंध पाठ करतातच की! माय मदर, माय स्कूल, द काऊ. मग श्लीमानने वेगळं काय केलं? फरक असा, की श्लीमान इंग्रजी लेखन पाठ करायचा ते स्वतःचं, स्वतःला सांगायचं होतं म्हणून लिहिलेलं आणि शिक्षकाने तपासलेलं. त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याला माहीत होता, कारण तो शब्द त्यानेच निवडला होता. चूक कुठे होती तेही त्याला माहीत होतं. कादंबऱ्यासुद्धा त्याने वाचून, समजून, गोडी लागल्यावर पाठ केल्या. गाइडमधला निबंध हा दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कुणासाठी लिहिलेला असतो. तो परीक्षेपुरता डोक्यात राहतो आणि पेपर झाला की निघून जातो. घोकंपट्टी आणि पाठांतर यातला भेद मुलांना सांगून कळत नाही, पण करून घेतला तर नक्की कळतो.

रशियन भाषा आणि चार फ्रँकचा श्रोता

भाषा आल्या तरी जुन्या पेढीत बढती मिळेना. भाषांच्या नादात त्याचे टपालाचे काम मागे पडत होते, हेही एक कारण होते. १ मार्च १८४४ रोजी तो श्रोडर या मोठ्या पेढीत पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळायला लागला. पगार १,२०० फ्रँक, आणि काम पाहून लवकरच २,०००.

या पेढीचा व्यापार रशियाशी होता. मुख्य माल नीळ, म्हणजे कापड रंगवायची निळी. नीळ खरेदी करायला रशियन व्यापारी आम्सटरडॅमच्या लिलावांना यायचे. रशियन येणारा माणूस पेढीला सोन्यासारखा ठरला असता. श्लीमानने रशियन शिकायचे ठरवले आणि तिथेच गाडी अडली. आम्सटरडॅममध्ये रशियन शिकवणारा शिक्षकच नव्हता. रशियाचे उपवाणिज्यदूत तेवढे ती भाषा जाणत होते, पण त्यांनी शिकवायला नकार दिला.

मग त्याने काय केले? जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून तीन पुस्तके मिळवली. एक जुने व्याकरण, एक शब्दकोश, आणि तेलेमाक या फ्रेंच कथेचे एक वाईटसे रशियन भाषांतर. व्याकरणावरून अक्षरे आणि त्यांचे उच्चार डोक्यात बसवले. मग नेहमीप्रमाणे छोट्या गोष्टी लिहू लागला आणि पाठ करू लागला. तपासायला कुणी नसल्यामुळे लिखाणात चुका राहत असणार, हे त्याला दिसत होते. म्हणून तेलेमाकचे रशियन भाषांतरच तो पाठ करू लागला. म्हणजे निदान वाक्यांची घडण तरी नीट बसेल.

पण भिंतीसमोर बोलून त्याला पुढे जाता येईना. कुणाला तरी हे सांगायला मिळाले तर प्रगती लवकर होईल, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने एका गरीब ज्यू माणसाला आठवड्याला ४ फ्रँकवर नेमले. काम काय? रोज संध्याकाळी दोन तास यायचे, समोर बसायचे आणि श्लीमानचे रशियन ऐकायचे. त्या माणसाला रशियनचा एक शब्दही येत नव्हता!

हॉलंडमधल्या साध्या घरांना तेव्हा वरच्या मजल्याची जमीन म्हणजे नुसत्या फळ्या असायच्या. वर बोललेले खालपर्यंत ऐकू जायचे. हा पठ्ठ्या रोज रात्री खड्या आवाजात रशियन कथा सांगतोय म्हटल्यावर शेजारी वैतागले. घरमालकाकडे तक्रारी गेल्या. रशियन शिकता शिकता श्लीमानला दोनदा खोली बदलावी लागली. पण आवाज काही त्याने खाली आणला नाही.

सहा आठवड्यांनी त्याने पहिले रशियन पत्र लिहिले, लंडनमध्ये राहणाऱ्या एका रशियन नीळ-व्यापाऱ्याच्या प्रतिनिधीला. पुढे लिलावाला आलेल्या रशियन व्यापाऱ्यांशी तो त्यांच्या भाषेत बोलू लागला. जानेवारी १८४६ मध्ये पेढीने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्गला पाठवले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याचे आयुष्य या भाषेने पालटले.

आता पालकांनी त्या चार फ्रँकवाल्या माणसाकडे नीट बघावं. त्याने काय शिकवलं? काहीच नाही. चुका काढल्या? नाही, त्याला त्या कळतच नव्हत्या. तो फक्त समोर बसला आणि त्याने ऐकलं. पण समोर माणूस बसला की तोंड उघडावं लागतं. अडखळलो तरी वाक्य पूर्ण करावं लागतं. उद्या तो पुन्हा येणार म्हणून आज तयारी करावी लागते. चेहऱ्याकडे बघून बोलताना आवाज चढतो, उतरतो, हात हलतात, गोष्ट खरी वाटू लागते. भाषा पुस्तकातून जिभेवर येते ती अशी. शिक्षक नसताना श्लीमानला जे हवं होतं ते एका अडाणी श्रोत्याने दिलं.

व्यापारी, प्रवासी आणि ग्रीक भाषा

सेंट पीटर्सबर्गमध्ये श्लीमानने स्वतःचा व्यापार सुरू केला. मधल्या काळात तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला. तिथे सोन्याच्या खाणींची धांदल चालू होती. तिथे सोन्याची पूड विकत घेऊन त्याने पैसा केला. परत आल्यावर क्रिमियाच्या युद्धकाळात नीळ आणि युद्धाला लागणारा कच्चा माल विकून तो गडगंज झाला. १८५४ मध्ये तो स्वीडिश आणि पोलिश शिकला.

ग्रीक मात्र त्याने मुद्दाम लांबणीवर टाकली होती. त्याला स्वतःची भीती वाटत होती. एकदा ग्रीकच्या नादी लागलो तर व्यापार सुटेल, असे त्याला वाटे. १८५६ मध्ये हात मोकळा झाल्यावर त्याने ती धरली. पण होमरची प्राचीन ग्रीक एकदम घेतली नाही. आधी आजची, लोकांच्या तोंडची ग्रीक. सेंट पीटर्सबर्गमधले ग्रीक लोक गाठून तो त्यांच्याकडे शिकला. पॉल आणि व्हर्जिनी या फ्रेंच कादंबरीचे ग्रीक भाषांतर मिळवले. फ्रेंच मूळ त्याला चांगले पाठ होते. ग्रीक वाक्य वाचायचे आणि फ्रेंचशी ताडून पाहायचे. एकदा पुस्तक संपले तेव्हा निम्मे शब्द कळले होते. तेच पुस्तक पुन्हा वाचले तेव्हा जवळजवळ सगळे. शब्दकोश उघडण्यात एक मिनिटही घालवावे लागले नाही, असे तो सांगतो. सहा आठवड्यांत नवी ग्रीक आली, मग तो प्राचीन ग्रीककडे वळला आणि पुढची दोन वर्षे बहुतेक सगळे प्राचीन ग्रीक लेखक, त्यातही होमरची इलियड आणि ओडिसी पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

व्याकरणाबद्दलचे त्याचे मत आपल्याला टोचेल असे आहे. शाळेतली मुले वर्षानुवर्षे ग्रीकचे नियम घोकतात आणि त्यांना एक साधे पत्र लिहिता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. नियम पाठ करण्यापेक्षा चांगले गद्य वाचावे, त्यातले उतारे तोंडपाठ करावेत, म्हणजे नियम आपोआप अंगी मुरतात, हे त्याचे सांगणे. चूक दाखवा, मी कुठल्या लेखकाने तसे वाक्य लिहिले आहे ते सांगतो, असा त्याचा खाक्या होता.

१८५८-५९ मध्ये तो प्रवासाला निघाला आणि इजिप्तमध्ये नाईल नदीवर फिरताना अरबी शिकला. १८६४ पासून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्यात तो आपल्या देशातही येऊन गेला. मद्रास, कलकत्ता, बनारस, आग्रा, दिल्ली पाहून पुढे चीन, जपान. या प्रवासांत त्याची एक सवय होती. ज्या देशात असेल त्या देशाची भाषा येत असेल, तर रोजची डायरी त्याच भाषेत लिहायची. रोजच्या जगण्याचाच असा गृहपाठ व्हायचा.

ट्रॉय आणि शेवट

व्यापारातून हात काढून घेतल्यावर श्लीमान पॅरिसमध्ये राहून इतिहास आणि भाषांचा अभ्यास करू लागला. १८६९ मध्ये त्याला रोस्टोक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाला ती सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाली. त्याच वर्षी अथेन्समधल्या सोफिया या ग्रीक मुलीशी त्याने दुसरे लग्न केले.

१८७१ पासून त्याने आजच्या तुर्कस्तानातल्या हिसार्लिक टेकडीवर खोदायला सुरुवात केली. ट्रॉय याच टेकडीखाली असावे, हे फ्रँक कॅल्व्हर्ट या इंग्रज गृहस्थाने त्याच्या आधीच ओळखले होते आणि तिथे थोडे खोदलेही होते. श्लीमानने त्याला हवे तेवढे श्रेय दिले नाही. १८७३ मध्ये सोन्याच्या दागिन्यांचा मोठा ठेवा सापडला. तो प्रायम राजाचा खजिना असे श्लीमानने जाहीर केले. पुढे कळले की तो ठेवा ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून हजारभर वर्षे जुन्या थरातला आहे. घाईने खोदताना मधले थर त्याने उद्ध्वस्त केले होते. १८७६ मध्ये ग्रीसमधल्या मायसीनी इथे राजांच्या कबरी आणि सोन्याचे मुखवटे सापडले. त्यानंतर त्याचे नाव जगभर झाले.

१८९० मध्ये कानाची शस्त्रक्रिया करून घेऊन तो अथेन्सला घरी परतत होता. वाटेत नेपल्समध्ये नाताळच्या दिवशी तो रस्त्यात कोसळला. वाचा गेली होती. दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबर १८९० रोजी, त्याचे निधन झाले. अथेन्समध्ये त्याची समाधी आहे.

त्याचे किती खरे मानायचे?

हा प्रश्न शिक्षकांनी विचारायलाच हवा. श्लीमान स्वतःची गोष्ट रंगवून सांगत असे. कॅलिफोर्नियात असताना सान फ्रान्सिस्कोला लागलेली मोठी आग आपण डोळ्यांनी पाहिली, असे त्याने लिहिले आहे, पण तारखांचा मेळ बसत नाही. त्यामुळे सहा आठवड्यांत एक भाषा, हा आकडा त्याच्याकडूनच आलेला आहे हे लक्षात ठेवून वाचायचा. शिवाय डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या भाषा त्याच्या मातृभाषेच्या किंवा आधी शिकलेल्या भाषांच्या बहिणी. मराठी येणाऱ्याला हिंदी जशी लवकर येते तसंच ते. मराठी मुलाला इंग्रजी तेवढ्या वेगाने येणार नाही, आणि यायची अपेक्षाही धरू नये. तो विशीतला तरुण होता, पोटासाठी शिकत होता. आपली मुलं सात-आठ वर्षांची आहेत.

पण भाषा त्याला येत होत्या, यात शंका नाही. अनेक भाषांतली त्याची पत्रे आणि डायऱ्या अथेन्सच्या ग्रंथालयात आजही जपून ठेवल्या आहेत. म्हणून वेगाचा आकडा सोडून द्यावा आणि पद्धत घ्यावी.

आपल्या वर्गात आणि घरात

वर्गात शिक्षकांनी करण्यासारखं :

१) मुलाला त्याच्या गोडीच्या विषयावर लिहू द्या. चार ओळी पुरेत. आमची शेळी, आठवड्याचा बाजार, एसटीतला प्रवास, आवडता क्रिकेटर. शब्द अडला तर मराठीत लिहू द्या, नंतर इंग्रजी शब्द द्या.

२) त्या चार ओळी तपासून द्या आणि मुलाकडून पुन्हा स्वच्छ लिहून घ्या. पाठ करायच्या त्या याच ओळी. एका दिवशी पाच-सहा मुलांच्या वह्या घेतल्या तरी आठवड्याभरात सगळा वर्ग होतो.

३) मोठ्याने वाचन रोज. सगळ्यांनी एकसुरात नाही, तर जोडीजोडीने, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. वर्गात गलका होईल. होऊ द्या.

४) एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. आधी मराठीत माहीत असलेली गोष्ट, जशी ससा-कासवाची, इंग्रजीत वाचायला दिली तर अर्थ शोधण्यात मूल थकत नाही.

घरी पालकांनी करण्यासारखं :

१) रोज दहा मिनिटं समोर बसा आणि मुलाच्या त्या चार ओळी ऐका. मोबाईल बाजूला ठेवून. आई, बाबा, आजी, आजोबा, कुणीही चालेल. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर अजिबात लाजू नका.

२) चुका काढू नका. ते काम शिक्षकांचं. तुम्ही फक्त मान डोलवा, आणि शेवटी विचारा, बाळा, तू आत्ता काय सांगितलंस ते मराठीत सांग बरं. मुलाला अर्थ कळलाय की नुसतं घोकलंय, हे तुम्हाला लगेच समजेल. त्यासाठी तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही.

३) उच्चारांसाठी चांगला आवाज कानावर पडू द्या. श्लीमानला चर्चमध्ये जावं लागायचं. आपल्याकडे पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड आहे, रेडिओ आहे, टीव्ही आहे. ऐकताना मुलाने हळू आवाजात मागोमाग म्हणायचं. ही पायरी सोडू नका, कारण नुसत्या पुस्तकावरून शिकलेले उच्चार चुकीचे पक्के होऊ शकतात.

४) मूल कंटाळलं असेल, दमलं असेल तर त्या दिवशी सोडून द्या. बळजबरीने भाषेचं वाकडं येतं. पण उद्या पुन्हा त्याच वेळी बसा.

एक गोष्ट शिक्षकांसाठी शेवटी. पालकांना आपण सहज सांगतो की घरी अभ्यास घ्या. ज्या आईला इंग्रजी येत नाही ती हे ऐकून खाली बघते, आणि पुढच्या सभेला कदाचित येतही नाही. त्याऐवजी घरी अभ्यास ऐका, असं सांगून बघूया. घेण्यासाठी भाषा यावी लागते, ऐकण्यासाठी फक्त दहा मिनिटं लागतात. श्लीमानला असा श्रोता विकत घ्यावा लागला. आपल्या प्रत्येक मुलाच्या घरी तो आधीच बसलेला आहे.